झांझिबारमध्ये भाड्याचे घर घेताना झालेली फसवणूक

नोकरीनिमित्त टांझानियातल्या झांझिबारला येणाऱ्या प्रत्येकाला आधी घर शोधावे लागते, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. येथे घरे सहसा दलालामार्फतच मिळतात. भाडे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकरकमी आगाऊ मागितले जाते आणि दलाली वेगळी द्यावी लागते.

स्टोन टाउन या शहराच्या जुन्या भागातले जे घर मला दाखवले गेले, त्याची किल्ली दलालाच्याच खिशात होती. मालक ओमानमध्ये, मस्कतला असतो, असे त्याने सांगितले. यात अविश्वसनीय काहीच नव्हते, कारण अरब सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या 1964 च्या क्रांतीनंतर अनेक अरब कुटुंबे देश सोडून गेली, बरीच घरे सरकारजमा झाली, काही वक्फची आहेत आणि कित्येकांवर भावंडा-पुतण्यांचे सामायिक हक्क आहेत. मालक एकीकडे, किल्ली दुसरीकडे, हे येथे नित्याचेच असल्याने लबाडांचे चांगलेच फावते.

भाडे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने, भरताना पडद्यावर घेणाऱ्याचे नाव आले, ते करारातल्या मालकाचे नव्हते आणि दलालाचेही नव्हते. ‘ही मालकाची बहीण’, हे उत्तर त्याच्या तोंडी तयारच होते. करारावर सह्या होत्या, साक्षीदार होते, ठसठशीत जांभळा शिक्काही होता. नव्हती ती फक्त शेहाची सही. शेहा हा वस्तीचा सरकारनियुक्त प्रमुख असून कोणत्या घरात कोण राहते, हे त्याला ठाऊक असते. ‘शेहा पेंबाला (शेजारच्या बेटावर) गेले आहेत, सोमवारी सही घेऊ’, असे मला सांगण्यात आले.

पुढे एका संध्याकाळी मालकाचा पुतण्या दाराशी आला. येथील रीतीप्रमाणे त्याने आधी माझी, घरच्यांची, कामाची सावकाश विचारपूस केली आणि मगच, आपण येथे कसे, असे विचारले. तेव्हा उघड झाले की, दलालाने ते घर स्वतःच्या नावाने केवळ एका महिन्यासाठी घेतले होते. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली, पैसे मात्र परत मिळालेले नाहीत.

तेव्हा पैसे देण्याआधी शेहाला स्वतः भेटावे, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मालकाचे नाव विचारावे आणि मालक परदेशी असल्यास मुखत्यारपत्र पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. माझ्या सध्याच्या घराचा करार शेहासमोरच झाला, आणि तेथवर येण्यास या वेळच्या दलालाने जराही कुरकुर केली नाही.