गोनो मार्गावरची जुनी आणि नवी गाडी

जपानच्या गोनो रेल्वेमार्गाची लांबी 147.2 किलोमीटर. एका बाजूला जपानचा समुद्र, दुसऱ्या बाजूला शिराकामीचे डोंगर. डिसेंबर 2020 मध्ये इथे जीव्ही-ई400 ही नवी गाडी धावू लागली आणि किहा 40 या जुन्या डिझेल गाडीची सद्दी संपली.

खरा फरक आहे चाकांपर्यंत ताकद पोचण्यात. 1977 नंतर बांधलेल्या किहा 40 मध्ये डिझेल इंजिनाचा जोर द्रवचालित यंत्रणेतून थेट चाकांकडे जाई. नव्या गाडीत इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं फिरवतात त्या विजेवर चालणाऱ्या मोटर. त्यामुळे वेग सलग वाढतो. शिवाय विजेच्या गाडीशी बरेच भाग सारखे असल्याने देखभाल सोपी.

चढायलाही नवी गाडी बरी, कारण दाराशी पायरी चढण्याचा त्रास कमी आणि शौचालयात व्हीलचेअर जाते. रोज शाळेला किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी हेच मोलाचं, म्हणून माझं मत तिलाच.

पण किहा 40 ची खिडकी वर सरकवली की खारा वारा थेट तोंडावर यायचा! समोरासमोरच्या आसनांवर बसून खडकांवर फुटणाऱ्या लाटा पाहायच्या असतील, तर ती जुनी गाडीच मला जास्त जवळची वाटते.