जवानांसाठीचा एसीसी-एसएसबी क्लास : हेलिकॉप्टरचे स्वप्न घेऊन जाणाऱ्यांनी फी भरण्यापूर्वी वाचावे

माझा पुतण्या लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, नाईक आहे, वय 24. गेल्या वर्षी त्याने वार्षिक रजेतले 45 दिवस आमच्या भागातील एका क्लासला दिले. सैन्यातील जवानांना अधिकारीपदाच्या परीक्षेसाठी तयार करणारा हा क्लास आहे. पुतण्याला लष्कराचे हेलिकॉप्टर उडवायचे आहे. मी स्वतः पलटणीत नोकरी केली असून, त्याला रोज सोडायला जात असल्यामुळे क्लास मला जवळून पाहता आला.

क्लासच्या फलकावर हेलिकॉप्टरचे चित्र आहे आणि खाली ‘जवान ते पायलट’ असे लिहिले आहे. माझा पहिला आक्षेप या फलकालाच आहे. आर्मी एव्हिएशन कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या हेलिकॉप्टर दलात, वैमानिक होण्यासाठी आधी अधिकारी व्हावे लागते. म्हणजे प्रथम आर्मी कॅडेट कॉलेजची (एसीसी) लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, पाच दिवसांची निवड चाचणी व वैद्यकीय तपासणी, त्यानंतर डेहराडूनला तीन वर्षे एसीसी आणि एक वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. एवढे झाल्यावर एव्हिएशनसाठी निवड झाली, तरच नाशिकरोडजवळच्या गांधीनगर तळावरील प्रशिक्षणशाळेचे दार उघडते. एसीसीसाठी वयाची मर्यादा 20 ते 27 वर्षे असल्याने, 27 व्या वर्षी आत गेलेला मुलगा खांद्यावर तारे लागेपर्यंत 31 चा होतो. हा हिशेब पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडायला हवा होता. आमच्या तुकडीला तो विसाव्या दिवशी, एका मुलाने विचारले म्हणून कळला.

शिकवणे मात्र मनापासूनचे आहे. इंग्रजीच्या बाईंनी, युनिटमध्ये दिवसभर हिंदी बोलणाऱ्या मुलांकडून रोज एक पान लिहून घेतले आणि प्रत्येक वही घरी नेऊन तपासली. मानसशास्त्रीय चाचण्यांचा सराव एक निवृत्त अधिकारी घेतात. पडद्यावर एकेक शब्द येतो आणि 15 सेकंदांत वाक्य लिहायचे असते. असे 60 शब्द ओळीने. ‘भीती’ हा शब्द आला तेव्हा पुतण्याने पाठ केलेले शौर्याचे वाक्य लिहिले. साहेबांनी ते वाचून विचारले, “हे तुझे आहे की पुस्तकातले?” त्या दिवसापासून त्याने पाठांतर सोडले. या एका प्रश्नासाठी फी वसूल झाली, असे मी मानतो.

वेगळे पैसे घेऊन दिले जाणारे ‘पायलट पॅकेज’ मात्र घेऊ नये. मागच्या खोलीत संगणक, एक जॉयस्टिक आणि प्लायवूडची दोन पेडल्स आहेत. डाव्या पेडलची स्प्रिंग कडक झाली होती, त्यामुळे मुले त्या पायावर जास्त जोर द्यायला शिकली. ही सवय पुढे नडणारी आहे. वैमानिकाच्या अभियोग्यतेची खरी चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी किती शांतपणे काम करतात हे पाहिले जाते. अशा चाचणीपूर्वी बिघडलेल्या खेळण्यावर सराव करण्यापेक्षा पुरेशी झोप घेतलेली बरी. पाय आणि मांडीची लांबी, बसल्यावरची उंची व रंगदृष्टी यांवरूनही उमेदवार बाद होऊ शकतो. यातले काहीच शिकवणीने बदलत नाही. म्हणून डोळ्यांची तपासणी फी भरण्याआधी करून घ्यावी.

मी हे तळमळीने लिहितो, त्याला कारण आहे. मी सियाचिनच्या चौकीवर असताना, पायांनी तुडवून दाबलेल्या बर्फाच्या चौकोनावर चीता हेलिकॉप्टर उतरायचे. इंजिन बंद होत नसे. रॉकेलचे डबे आणि टपाल उतरवून आजारी जवानाला आत ठेवेपर्यंत वैमानिकाची नजर समोरून हलत नसे. त्या खुर्चीत आपल्यातला, पाठीवर पिट्टू घेऊन धावलेला मुलगा बसावा असे मला तेव्हापासून वाटते.

पुतण्या लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला असून एसएसबीच्या तारखेची वाट पाहतो आहे. लेखी परीक्षा व एसएसबीसाठी मी या क्लासला पाचपैकी चार गुण देईन, पायलट पॅकेजला एकही नाही. पैसे रजा मंजूर झाल्यावरच भरावेत. तुकडीतील एका मुलाला युनिटने आठव्या दिवशी परत बोलावले. उरलेल्या दिवसांची फी त्याला मिळाली नाही आणि पुढच्या तुकडीत जागाही नाही.