दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर : सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या पाच वर्षांच्या मुलीला सतत तहान लागू लागली, रात्री अंथरूण ओले होऊ लागले आणि वजनही उतरले, तेव्हा आम्ही पुण्याच्या उन्हाळ्याला बोल लावत राहिलो. टाइप १ मधुमेहाचे निदान त्यानंतर झाले. दिवसातून सहा-सात वेळा इवलेसे बोट टोचणे कमी व्हावे म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दंडावर चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर आम्ही कोथरूडमधील औषधांच्या दुकानातून घेऊ लागलो.

त्याचा खरा उपयोग रात्री कळतो, कारण साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरली की मोबाइल वाजतो आणि मुलीला उठवून ग्लुकोजचे पाणी पाजता येते. मात्र हा सेन्सर रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजत असल्याने त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. शिवाय मुलगी सेन्सर असलेल्या दंडाच्या कुशीवर झोपली, तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते. म्हणून लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोट टोचून ग्लुकोमीटरने (रक्तातील साखर मोजणाऱ्या यंत्राने) खात्री करावीच लागते. विक्रेत्याने यातले काहीही सांगितले नव्हते.

चिकटपट्टी घामाने सुटते. एक सेन्सर नवव्याच दिवशी संभाजी बागेतल्या घसरगुंडीवर गळून पडला आणि बदली मिळण्यास तीन आठवडे लागले. महिन्याला दोन सेन्सर, त्यावर इन्सुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, हा खर्च सर्वांना झेपणारा नाही. तरी पुढचा सेन्सर आम्ही आणून ठेवला आहे.