मंगलोरी कौलं: घेताना जादाची किती घ्यायची?

मंगलोरी कौलाला नावं ठेवायला तशी जागा कमी. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला, तेव्हापासून घडण फारशी बदललेली नाही. साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटरचं कौल, वजन अडीच किलोच्या आसपास, कडेला एकमेकांत बसणाऱ्या खाचा आणि पाठीला रिपेवर (कौलांखालच्या आडव्या पट्टीवर) अडकणाऱ्या खुंट्या. एखादं फुटलं तर तेवढंच काढून दुसरं घालता येतं, पत्र्यासारखं अख्खं पान बदलावं लागत नाही. हा या कौलाचा सगळ्यात मोठा गुण. पण तो उपयोगी पडतो त्याच साच्यातलं कौल घरात शिल्लक असेल तरच. म्हणून जादाची रास हा खरेदीचाच भाग धरायला हवा, आणि दुकानदार ही गोष्ट क्वचितच सांगतो.

माप सारखं असलं तरी कारखान्यागणिक साचा वेगळा असतो. खाच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली की कौल बसल्यासारखं दिसतं, पण शेजारच्याला उचलून धरतं, आणि वाऱ्याची सर आली की त्या फटीतून पाणी आत येतं. कारखान्याचा शिक्का तोच असला म्हणून पंधरा वर्षांनी घेतलेलं कौल जुळेलच असंही नाही, कारण साचे झिजतात आणि बदलतात. त्यात कारखाने कमी होत चाललेत. केरळात भातजमीन आणि पाणथळींच्या संरक्षणाचा कायदा २००८ साली आला आणि कौलांसाठी तिथली माती मिळणं अवघड झालं. मंगलोरकडचेही बरेच कारखाने बंद पडले. गुजरातेतल्या मोरबीचं कौल बाजारात मिळतं, पण जुन्या छपरात घालायचं तर आधी जुळवून बघा.

जुळवायची रीत सोपी आहे. छपरावरचं एक कौल नमुना म्हणून दुकानात न्यावं. दोन रिपा आपल्या छपराच्या अंतरावर जमिनीवर ठेवाव्यात (हे अंतर बहुधा ३२ सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण आपलं मोजून घ्यावं) आणि जुनी-नवी मिळून चार कौलं त्यावर लावून बघावीत. चारही न डुगडुगता बसली तर घ्या. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज म्हणजे तडा किंवा कच्ची भाजणी. शंका असेल तर कोरडं कौल तोलून चोवीस तास पाण्यात बुडवायचं आणि पुसून पुन्हा तोलायचं. भारतीय मानक ६५४ प्रमाणे एए दर्जाच्या कौलाने १८ टक्क्यांहून जास्त पाणी प्यायचं नाही, ए दर्जाच्याने २० टक्क्यांहून. म्हणजे अडीच किलोचं कौल तीन किलोच्या वर गेलं तर ते घेऊ नये.

आता किती घ्यायची ते. शंभर चौरस फुटांच्या ब्रासला १४० ते १५० कौलं लागतात. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास. लाकडी वासे-रिपा असतील तर पाच टक्के, म्हणजे पाऊणशे जादा पुरतात. लोखंडी पाइपांचा सांगाडा असेल तर दहा टक्के ठेवा, कारण लाकडी रीप खिळे काढून बोटभर सरकवता येते, वेल्डिंग केलेला पाइप सरकत नाही. उद्या वेगळ्या मापाचं कौल आणावं लागलं तर लाकडी छप्पर त्याला सामावून घेईल, लोखंडी छपराचा सांगाडाच कापावा लागेल. फॅब्रिकेटरला पाइपांचं अंतर ठरवू देण्याआधी कौलं अंगणात येऊन पडलेली असावीत, हेही त्याच कारणासाठी.

लोक सपाट कौलं ठेवतात आणि कोने, म्हणजे आढ्यावर आणि कडांवर बसवायची कौलं, विसरतात. आढ्यावर मीटरला साधारण तीन कोने लागतात. बारा मीटरच्या आढ्याला छत्तीस धरले तर आणखी दहा बाजूला ठेवा. पाच टक्क्यांचा हिशेब इथे चालत नाही, कारण कोने सिमेंटमध्ये बसवलेले असतात आणि एक काढताना शेजारचाही जातो. गवंडी निव्वळ सिमेंट-वाळूचा कडक माल लावतात, तो कोन्यापेक्षा घट्ट होतो. चुना, सिमेंट, वाळू १:१:६ असा माल लावायला सांगा. पुढे छिन्नीने सुटतो. चौपाखी छपराला तीन कडा मिळतात तिथला खास कोना लागतो. तो सुटा मिळणं सगळ्यात कठीण, त्याचे दोन नग हवेतच.

काचेचं कौल महाग वाटतं, तरी तेच घ्या आणि दोन जादा ठेवा. ॲक्रिलिकचं हलकं असल्याने तार बांधल्याशिवाय वाऱ्यात टिकत नाही. याशिवाय पन्नासेक फूट रीप, दोन इंची खिळे आणि अर्धा किलो १६ गेजची गॅल्व्हनाइज्ड तार. बहुतेक कौलांना पाठीला तार ओवायचं भोक असतं, पण ते वापरतं कोण! निदान वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तरी बांधून घ्यावीत, वारा तिथूनच शिरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची छपरं गेली. अशा वेळी सगळा तालुका एकदम कौलं शोधत असतो आणि पावसाळा उंबऱ्यावर असतो.

ठेवताना कौलं आडवी एकावर एक रचू नयेत, खालची वजनाने तडकतात. जमिनीवर दोन फळ्या टाकून कौलं लांब कडेवर उभी, भिंतीकडे किंचित कललेली लावावीत. दोन थर पुरेत, मध्ये रीप घालावी. राशीत विंचू आसरा घेतात, म्हणून काढताना वरून उचला, फटीत हात घालू नका. रंग दिलेली कौलं घेऊ नयेत. रंगाखाली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. नवं कौल जुन्यात ठिगळासारखं दिसतं, त्यावर उपाय आहे: मागच्या उतारावरचं जुनं काढून दर्शनी बाजूला लावा आणि नवं मागे घाला.

बदलण्याआधी फुटलंय याची खात्री करा. बऱ्याच गळत्या खाचेत साचलेल्या पाल्यामुळे किंवा माकडांनी कौल सरकवल्यामुळे होतात. घरात थेंब पडतो त्याच्या बरोबर वर तडा सापडत नाही. पाणी कौलाच्या पाठीवरून रिपेपर्यंत उतरून मग पडतं, तेव्हा चढाच्या दिशेने शोधा. पाय कौलाच्या मध्यावर कधीच द्यायचा नाही. दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते, तिथे द्यायचा. लांब जायचं तर फळी टाकायची. वरच्या ओळीतलं आणि शेजारचं कौल लाकडी पाचरींनी उचलून धरा, फुटक्याच्या खुंट्या रिपेवरून सोडवून ते खाली ओढा. नवं खालूनच वर सरकवायचं, खुंट्या रिपेपलीकडे उतरल्या की खाली ओढून बघायचं. सरकलं नाही तर बसलं.

मोडलेल्या घरांची जुनी कौलं मिळत असतील तर सोडू नका. बासेल मिशन, कॉमनवेल्थ किंवा अल्बुकर्क या कारखान्यांचा शिक्का असलेली जुनी कौलं भाजणीत बहुधा सरस निघतात. मात्र गाडीत तीन-चार साचे मिसळलेले येतात. खुंट्या शाबूत आणि खाचेच्या कडा न झडलेल्या बघून, शिक्क्यानुसार निवडून घ्या. ढीग उक्ता घेतला तर निम्मी कौलं गोठ्यावर घालावी लागतील. हे सगळं मिरगाच्या आधी, शाकारणीच्या वेळी उरका. ओल्या कौलावर पाय ठरत नाही.