पावसाळ्यात दांडा घट्ट होता

कॅम्पिंगसाठी छोटी कुऱ्हाड मोबाईलवर एकदा शोधली की एक जाहिरात पुढे कित्येक दिवस पाठ सोडत नाही. काळसर पातं, त्यावर हातोड्याचे ठसे, फिकट रंगाचा वाकदार दांडा, पात्याखाली चामड्याची गुंडाळी, मागे पेटलेली शेकोटी. 'हाताने घडवलेली, हाय कार्बन स्टील, आयुष्यभर टिकणारी.' किंमत ४,९९९ रुपये, त्यावर काट मारून १,४९९. खाली उलटं चालणारं घड्याळ, म्हणजे ऑफर आता संपतेय. (पान पुन्हा उघडलं की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.)

ही कुऱ्हाड मी ऑगस्टमध्ये घेतली आणि डिसेंबरमध्ये वापरली. घाव घालताना पातं दांड्यातून निसटलं आणि शेकोटीभोवती मुलं बसली होती त्या बाजूला जाऊन पडलं. कुणाला लागलं नाही, पण लागू शकलं असतं. दीड हजार रुपयांसाठी एवढं लिहायला बसलो नसतो.

कॅम्पिंगला कुऱ्हाड कशाला, कोयता पुरतो, असं बरेच जण म्हणतात. काटक्या तोडायला पुरतो. पण तळ्याकाठच्या कॅम्पवर किंवा कुणाच्या शेतावर जे जळण विकत मिळतं ते बहुतेक वेळा मनगटाहून जाड, अर्धवट ओलं असतं. ते पेटवायला उभं फोडून ढलप्या काढाव्या लागतात. कोयत्याचं पातळ पातं लाकडात रुतून बसतं, कुऱ्हाडीचं जाड पातं लाकूड दोन्हीकडे रेटतं. अर्धा-पाऊण किलोचं पातं आणि हातभर दांडा एवढी कुऱ्हाड सॅकला बांधून नेता येते. गरज खरी आहे, म्हणून तर जाहिरात चालते.

पार्सल आलं तेव्हा तक्रारीला जागाच नव्हती. वजन हाताला बरं वाटत होतं, धार कागद कापत होती, दांडा पात्यात गच्च बसलेला होता. कॅश ऑन डिलिव्हरी असल्यामुळे पैसे आधी आणि खोका नंतर, पण खोका आधी उघडला असता तरी काही कळलं नसतं. परतीची मुदत सात दिवस. पुण्यात ऑगस्टच्या पावसात कोण लाकडं फोडायला जातं?

सगळी मेख इथे आहे. कॅम्पिंगचं सामान आपण हंगामाच्या आधी घेतो आणि हंगामात वापरतो. तंबू असो, स्टोव्ह असो, कुऱ्हाड असो, मधे दोन-तीन महिने जातात. परतीची मुदत त्याच्या किती तरी आधी संपलेली असते. विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्याला फक्त पहिले सात दिवस ठीक दिसेल एवढीच वस्तू बनवायची असते.

कुऱ्हाडीच्या बाबतीत तर पाऊसही त्याच्या बाजूने असतो. दांड्याचं लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं. पावसाळी हवेत असं लाकूड फुगलेलं राहतं, त्यामुळे पात्याच्या भोकात ते घट्ट बसतं. ऑक्टोबरचं ऊन लागलं, थंडीची कोरडी हवा सुरू झाली की आकसतं. डिसेंबरमध्ये भोरजवळ मित्राच्या शेतावर पहिला ओंडका फोडायला घेतला तेव्हा चौथ्या-पाचव्या घावालाच पातं हललं. तसं मी विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर तिथूनच कळवलं. त्याचं उत्तर मात्र झटकन आलं: 'सर, पात्याकडची बाजू रात्रभर पाण्यात ठेवा, फिट होईल.'

हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्यात ठेवल्यावर दांडा फुगतो हे खरं, पण भोकाच्या पोलादाला रेटून त्याचे तंतू चेपले जातात. वाळल्यावर तो आधीपेक्षा बारीक होतो. रात्रभर भिजवलेली कुऱ्हाड सकाळी घट्ट होती, दुपारपर्यंतही होती. पातं उडालं ते संध्याकाळी.

शेताची देखभाल करणारे मामा तिथेच होते. त्यांनी पातं उचललं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "दांड्याचं सोडा, हे लोखंडच कच्चं आहे." धार एका जागी दुमडली होती. ओंडका बाभळीचा होता, बाभूळ वाळली की चिवट होते हे मान्य, पण कुऱ्हाडीने बाभूळ फोडायची नाही तर काय फोडायचं? मामांनी घरातून कानस आणून धारेवर दोनदा ओढली. लोखंडाचा भुगा सरळ हातावर पडला.

ही कानशीची परीक्षा घरी कुणालाही करता येते. हार्डवेअरच्या दुकानात साधी आठ इंची कानस मिळते. धारेच्या कडेवर अलगद ओढायची. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कठीण केलेल्या पोलादावर ती थोडी घसरते, आवाज करते, जोर लावला तर मोठ्या कष्टाने चावते. कच्च्या लोखंडात पहिल्याच फटक्याला रुतते. चांगल्या कुऱ्हाडीची धार कठीणपणाच्या रॉकवेल मापात साधारण ५० ते ५८ असते आणि कानस त्याहून कठीण, म्हणून ती चावणारच, पण किती सहज चावते ते पाहायचं. विकत घेतलेल्या नव्या पात्याच्या अगदी टोकाला, खालच्या कोपऱ्यात हे करा, डाग दिसत नाही. आणि पार्सल आलं त्याच दिवशी करा.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर लोहाराकडे गेलो, निदान धार तरी नीट करून मिळेल म्हणून. त्याने आधी दांडा बाहेर काढायला घेतला आणि चामड्याची गुंडाळी कापली. ती शोभेची नव्हती. खाली दांडा आणि भोक यांच्यामधे सगळीकडून फट होती आणि तीत लाकडाचा भुसा डिंकासारख्या कशात तरी कालवून भरला होता. वर काळा रंग. कुऱ्हाडीचा दांडा वरच्या टोकाला चिरून त्यात पाचर ठोकतात, त्याने लाकूड भोकात पसरून आवळलं जातं. इथे पाचर नव्हतीच. वरून दिसणारी पाचरेची रेघ कोरून रंगवलेली होती! रेघ कोरण्याची मेहनत घेणाऱ्याने पाचर ठोकली असती तर काय बिघडलं असतं, हे मला आजही समजलेलं नाही.

मग लोहाराने पातं भट्टीत घातलं, लाल केलं, धारेकडून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा कानस लावली. पुन्हा भुगा. "याला पाणी चढत नाही," असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. ते कितीही तापवून विझवलं तरी धार धरेल इतकं कठीण होत नाही. कुऱ्हाडीला अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन लागतो. आपल्याकडचे लोहार ट्रकचे, जीपचे जुने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वापरतात ते त्यामुळेच, त्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. पाट्याच्या कुऱ्हाडीला धारेपुरतंच पाणी द्यायचं, मागचा माथा मऊ ठेवायचा, नाहीतर ठोकताना तडकते. हे सगळं तो हात चालू ठेवून सांगत होता. पात्यावरचे हातोड्याचे ठसे दाखवले तर हसला. दोन्ही बाजूंचे ठसे एकसारखे, त्याच जागी, त्याच खोलीचे होते. साच्यात दाबून काढलेले.

जाहिरातीतला फोटो कुठून आला तेही नंतर कळलं. त्या फोटोतल्या पात्यावर दोन बारीक अक्षरं उठवलेली दिसतात. स्वीडनमध्ये ग्रान्सफोर्स ब्रुक नावाचा १९०२ सालापासूनचा कारखाना आहे, तिथे प्रत्येक लोहार आपण घडवलेल्या पात्यावर आपल्या नावाची आद्याक्षरं उठवतो. फोटो तिथल्याच एका कुऱ्हाडीचा होता. ती कुऱ्हाड भारतात मागवायची तर पाच आकडी रक्कम लागते. मला आलेल्या पात्यावर अक्षरांच्या जागी लेझरने काढलेलं लांडग्याचं तोंड होतं. गुगल लेन्सवर फोटो टाकला की मूळ जागा मिनिटभरात सापडते.

त्या पानावरचे अभिप्रायही पुन्हा वाचले. शेकड्यांनी होते आणि सगळे पार्सल आलेल्या दिवसाचे: पॅकिंग छान, लूक भारी, वजनदार. वापरून काळवंडलेल्या दांड्याचा, खरवडलेल्या पात्याचा एकही फोटो नाही. खोटे असतीलच असं नाही. सात दिवसांत मीही तेच लिहिलं असतं.

पैसे परत मागितल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मग 'धारदार वस्तू रिटर्न होत नाही'. मग 'वापरलेली वस्तू रिटर्न होत नाही'. मग तीनशे रुपयांचं कूपन. मग व्हॉट्सअॅपवर निळ्या टिक येणं बंद. वेबसाइटवर पत्ता नव्हता, पार्सलवरचा पत्ता कुरिअरच्या गोदामाचा निघाला. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, वस्तू कुठल्या देशात बनली ते आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. या चारपैकी एकही गोष्ट जिथे दिसत नाही तिथे तुमची तक्रार कुणाच्या नावाने करायची हाच प्रश्न येतो. म्हणून ते पैसे देण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन बघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण समोरच्याचा पत्ताच नसेल तर नोटीस जाणार कुठे? पैसे अजून आलेले नाहीत. येतील असं वाटतही नाही.

एक गोष्ट मात्र झाली. जाहिरातीखाली मी तक्रार लिहिली त्याच संध्याकाळी 'रिफंड डिपार्टमेंट'मधून फोन आला. आवाज अदबशीर, माझी ऑर्डर, रक्कम सगळं माहीत. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, १,४९९ जमा होतील. यूपीआयमध्ये पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो आपले पैसे जायला. फोन ठेवला आणि तो नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवला. ही दुसरी टोळी त्याच विकणाऱ्याची की नुसती जाहिरातींखालच्या तक्रारी वाचत फिरणारी, सांगता येणार नाही. पण चिडलेला माणूस घाईत असतो आणि ते त्यावरच टपलेले असतात.

आता कुऱ्हाड घ्यायचीच असेल त्यांच्यासाठी. त्याच लोहाराकडून मी पाट्याची छोटी कुऱ्हाड करून घेतली, बाभळीच्या दांड्यासकट सातशे रुपयांत. दिसायला ओबडधोबड आहे, माथा एका बाजूला जरा तिरका आहे, तेल लावून ठेवली नाही तर गंजते. पण ऐन पावसाळ्यात करून घेऊ नका. दांड्याचं लाकूड उन्हाळाभर वाळलेलं आहे का ते विचारा, आणि शक्यतो हिवाळ्यात दांडा घाला, म्हणजे तो पुढे सैल होण्याऐवजी आवळेल. दांडा रंगवू देऊ नका, व्हार्निशही नको. लाकडाच्या रेघा दांड्याच्या लांबीने धावताहेत की मधेच कडेला निसटताहेत हे उघड्या लाकडावरच दिसतं, आणि निसटलेल्या रेघेवर दांडा तुटतो. वरून पाचर डोळ्याने दिसली पाहिजे, नखाने चाचपून बघा.

लाकडी दांड्याची कटकट नको असेल तर फिस्कार्ससारख्या कंपन्यांच्या कुऱ्हाडीत प्लॅस्टिकचा मजबूत दांडा पात्याभोवतीच ओतलेला असतो, एस्टविंगच्या कुऱ्हाडीत पातं आणि दांडा एकाच पोलादाचा. दोन्ही सैल होत नाहीत. आपल्याकडे महाग पडतात आणि नकलाही भरपूर आहेत, तेव्हा खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली बघूनच घ्या. दांड्यात होकायंत्र, शिट्टी आणि काड्या ठेवायची पोकळी असलेल्या 'सर्व्हायव्हल' कुऱ्हाडी मात्र फुकट मिळाल्या तरी नको. पोकळ, स्क्रूने जोडलेल्या दांड्यावर घाव घालायचा म्हणजे आटे निघायची वाट बघायची.

आणि कुठलीही घेतली तरी अभयारण्यात नेऊ नका. हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा परिसर अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय हत्यार नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि चौकीवर कुऱ्हाड हत्यार नाही हे पटवून देण्यात सकाळ जाईल. खासगी शेतावर, जळण विकत घेऊन, तिचा खरा उपयोग.

ती जाहिरात अजून चालू आहे. वेबसाइटचं नाव बदललंय, किंमत १,२९९ झालीय, फोटो स्वीडनच्याच कुऱ्हाडीचा आहे. पात्यावरची दोन अक्षरं आता पुसून टाकली आहेत, पण मोठं करून पाहिलं तर त्या जागी धुरकट चौकोन दिसतो.