पाणी तापवायला गच्चीवर काय बसवावं: काचेच्या नळ्या की पॅनल?

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हाच गरम पाण्याची खरी गरज पडते. मे महिन्यात टाकीतलं साधं पाणीच अंगावर घेववत नाही. आमच्याकडे आधी काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर होता. तो काढून विजेचे पॅनल बसवले आणि बाथरूममध्ये साधा गीझर.

कामाला नळ्या सरस, हे आधीच कबूल करतो. उन्हाची निम्म्याहून जास्त उष्णता त्या पाण्यात उतरवतात. पॅनल त्यातला साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतं. नळ्यांना जागा कमी लागते, आणि लाइन गेली तरी पाणी गरम मिळतं. पॅनलचं साधं ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घराला आणि ग्रिडला (महावितरणच्या लाइनला) जोडणारं यंत्र, लाइन गेली की बंद पडतं.

तरी मी बदललं ते आईमुळे. टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, बाथरूम तळमजल्याला मागच्या बाजूला, आणि पाइप घराला वळसा घालून येणारा. पहाटे पाचला आई नळ सोडायची आणि धारेखाली उलटा हात धरून उभी राहायची. पाऊण बादली भरली की कुठे कोमट लागायचं. तासाभराने बाबा आंघोळीला गेले की पुन्हा तेच. ते गार पाणी सांडून देणं तिच्या जिवावर यायचं. बादल्या उचलून ती अंगणातल्या झाडांना नेऊन घालायची, तेही गुडघे दुखत असताना. पाइपाला इन्सुलेशन गुंडाळलं, त्याने संध्याकाळी फरक पडला, पहाटे नाही.

आता नळ सोडला की दुसऱ्या तांब्याला गरम पाणी. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. एक किलोवॉटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट देतात. पहाटे गीझर महावितरणच्या विजेवर चालतो, पण दिवसा ग्रिडला दिलेली युनिटं नेट मीटरमुळे बिलात वळती होतात. उन्हाळ्यात हेच पॅनल कूलर चालवतात. नळ्यांवर मात्र आम्ही एप्रिलपासून ताडपत्री टाकायचो. शिवाय २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

बोअरच्या पाण्याचे क्षार दोन्हीकडे बसतात. गीझरची कॉइल निदान तासाभरात बदलून होते.

माणसं सहा-सात असतील आणि बाथरूम टाकीच्या अगदी खालीच असेल, तर नळ्यांना मी नाही म्हणणार नाही. पाइप लांबचा असेल, तर नळ्या असलेल्या ओळखीच्या घरी आधी विचारा, जानेवारीत पहिली कोमट धार यायला किती बादली पाणी जातं.