जुन्या लॅपटॉपात एसएसडी: सात-आठ महिने वापरल्यावर काय वाटतंय

एसएसडी (फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) टाकली की पहिल्या आठवड्यात सगळेच "लॅपटॉप एकदम नवा झाला" म्हणतात, पण त्याला फारसा अर्थ नसतो, कारण विंडोज नव्याने टाकलं की चार दिवस कुठलाही लॅपटॉप पळतोच. म्हणून मुद्दाम थांबलो होतो. आता सात-आठ महिने रोज वापरून झालेत, ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त भरलाय, नको ते सॉफ्टवेअर परत जमा झालंय, तर आता लिहायला हरकत नाही.

मशीन २०१५ चं, पाचव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि आत १ टीबीची ५४०० आरपीएमवाली हार्ड डिस्क. चालू केलं की डेस्कटॉप दिसायला दोन-अडीच मिनिटं, आणि दिसला म्हणून लगेच काही करता यायचं असं नाही, ब्राउझरवर क्लिक करून नुसतं गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, लालभडक. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी स्पीड बघावा तर सेकंदाला दीड-दोन एमबी! एवढंसंच काम करून ही डिस्क शंभर टक्के बिझी कशी काय?

तर त्याचं उत्तर हार्ड डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीत आहे. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड त्या ट्रॅकवर सरकायला अजून दहा-बारा मिलिसेकंद. हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर ठिकाणचं वाचून होतं. विंडोज सुरू होताना, अपडेट तपासताना, अँटीव्हायरस चालू असताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून मागितल्या जातात, मग रांग लागणारच. एसएसडीत फिरणारं सरकणारं काहीच नाही, एक मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून कमी वेळात ती उत्तर देते.

बदलायच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कमार्क हे स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. एकच मोठी फाइल सलग वाचायचा स्पीड १०० वरून ५३० एमबीवर गेला, म्हणजे पाचपट. पण ४ केबीचे बारीक तुकडे इकडून तिकडून वाचायचा स्पीड अर्ध्या एमबीवरून तीसच्या आसपास गेला, म्हणजे साठपट! खोक्यावर मोठ्या अक्षरात ५५० छापलेलं असतं त्याच्याकडे बघूच नका, रोजच्या वापरात जाणवतो तो हा दुसरा आकडा. म्हणूनच ज्यांचा लॅपटॉप अजून जुना आहे, सॅटा २ (ड्राइव्ह जोडायची जुनी, हळू पद्धत) वाला, आणि "माझ्यात तीनशेच्या वर स्पीड मिळणारच नाही मग कशाला" असं म्हणतात, त्यांनी बिनधास्त टाकावी. तिथे सलग स्पीड अर्धा होतो, बारीक वाचनाला फार धक्का लागत नाही.

बसवायला फार काही नाही. बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढले, त्यातले दोन मागच्या रबरी पायांखाली लपलेले असतात हे आधी व्हिडिओत बघून ठेवलं होतं, नाहीतर माणूस कव्हर ओढत बसतो आणि प्लास्टिकचा हुक तुटतो. हार्ड डिस्क एका पातळ पत्र्याच्या चौकटीत चार बारक्या स्क्रूंनी बसवलेली असते, ती चौकट काढून एसएसडीला लावायची आणि कनेक्टरमध्ये सरळ रेषेत सरकवायची. एसएसडी ७ मिमी जाडीची आणि जुनी डिस्क बऱ्याचदा साडेनऊ मिमीची, त्यामुळे चौकट नसेल तर ड्राइव्ह आत थोडा हलतो, त्यासाठी प्लास्टिकची पट्टी मिळते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड एएचसीआय आहे ना तेवढं बघून घ्या.

क्लोन करायचं (जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची) की नवीन विंडोज टाकायचं यावर लोक तासन् तास भांडतात. मी नवीन टाकलं. एक तर १ टीबीवरून ५०० जीबीवर क्लोन करायचं म्हणजे आधी पार्टिशन लहान करत बसा, आणि इतक्या वर्षांचा कचरा उचलून नव्या घरात कशाला न्यायचा. लायसन्सची काळजी नको, विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, तीच एडिशन टाकली आणि नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आता आजची स्थिती. चालू केल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद, आणि हे सात-आठ महिन्यांनंतर सुद्धा फारसं बदललेलं नाहीये, हार्ड डिस्कवर एवढ्या काळात पुन्हा रखडायला लागलं असतं. अपडेट मागे चालू असताना समोर टाइप करता येतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. रॅम भरली तरी आधीसारखा पूर्ण थिजत नाही, कारण पेजफाइलही (रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवरची जी जागा वापरतं ती) आता एसएसडीवरच आहे. शिवाय लॅपटॉप चालू असताना उचलून दुसरीकडे न्यायची भीती गेली.

न बदललेल्या गोष्टी पण सांगतो. ४के व्हिडिओ अजूनही अडकतो, फॅन अजूनही घोंघावतो, व्हिडिओ एक्सपोर्ट करायला पूर्वीएवढाच वेळ लागतो. ते प्रोसेसरचं काम आहे, तिथे ड्राइव्ह काय करणार. बॅटरी जास्त टिकते असं म्हणतात, मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही, कारण हार्ड डिस्क मुळात दोन वॅटच्या आसपासच खाते, स्क्रीन आणि प्रोसेसरपुढे ते किती. आणि रॅम ४ जीबी असेल तर आधी ती ८ करा असं मी म्हणेन, निदान दोन्ही एकदमच करा, कव्हर एकदाच उघडावं लागेल.

एक तक्रार आहे. माझा ड्राइव्ह स्वस्तातला, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी) नसलेला. चाळीस-पन्नास जीबीचे व्हिडिओ एकदम कॉपी केले की सुरुवातीला चारशेने धावतो आणि मग कॅशे (ड्राइव्हमधला वेगाने लिहिणारा छोटा भाग) भरली की धाडकन साठ-सत्तरवर येतो, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही हळू! आणि ड्राइव्ह जसा भरत गेला तसं हे लवकर व्हायला लागलं. मी असं मोठं कॉपी क्वचितच करतो म्हणून चालतंय, पण तुमचं रोजचं काम तेच असेल तर डीरॅमवाला घ्या. आणि कुठलाही घेतला तरी वीसेक टक्के जागा मोकळी ठेवा.

"एसएसडी लवकर मरते" हे अजून ऐकू येतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आत्तापर्यंत साडेपाच टीबी लिहून झालंय असं दिसतं. आता ५०० जीबीच्या क्रुशल एमएक्स५०० ला कंपनी १८० टीबी लिहिण्याची हमी देते, सॅमसंग ८७० इव्होला ३००. माझा ड्राइव्ह त्यांच्याएवढा टिकाऊ नाही असं धरलं तरी या वेगाने तो संपेपर्यंत लॅपटॉपच राहणार नाही. डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) मात्र बाहेरच्या सॉफ्टवेअरने करू नका, विंडोज स्वतःच ठरावीक वेळाने ट्रिम करतं (डिलीट केलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं) तेवढं पुरे.

पण हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा कटकट आवाज करून कळवते, एसएसडी काही न बोलता एका सकाळी दिसेनाशीच होऊ शकते. शिवाय ट्रिममुळे डिलीट केलेली फाइल परत मिळायची आशा जवळपास शून्य. त्यामुळे जुनी हार्ड डिस्क फेकली नाही, यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवलीय.

घ्यायच्या आधी आपला लॅपटॉप आत काय घेतो ते नक्की बघा. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) दिसला म्हणून एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान एसएसडी) चालेलच असं नाही, बऱ्याच जुन्या मॉडेलांत त्या स्लॉटवर फक्त सॅटावाली एम.२ चालते, कुठे तर फक्त वायफाय कार्डच. आणि काही स्वस्त लॅपटॉपात स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा उद्योगच नाही.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझं मशीन बादच. सध्या एका पार्टिशनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून बघतोय, या एसएसडीवर ते विंडोजपेक्षाही झटपट उठतं, फक्त प्रिंटरशी अजून जमायचंय.